खिशातल्या रिव्हॉल्व्हरचा घोडा आणि त्याचा स्पर

रिव्हॉल्व्हरचा घोडा म्हणजे चाप ओढल्यावर मागे जाऊन झटक्यात पुढे पडणारा आणि काडतुसाच्या टोपीवर आघात घडवणारा भाग. त्याच्या मागच्या अंगाला वर वळलेली, चरे पाडलेली एक पट्टी असते. तिला स्पर म्हणतात. अंगठ्याने घोडा चढवायचा तर बोट टेकायला ही जागा लागते. कमरेच्या पट्ट्याला उघड्यावर अडकवलेल्या लांब नळीच्या रिव्हॉल्व्हरला तिची अडचण होत नाही. पँटच्या खिशात किंवा जाकिटाच्या आत बाळगलेल्या दोन इंची नळीच्या रिव्हॉल्व्हरच्या बाबतीत मात्र तीच पट्टी गळाचे काम करते. हात खिशात जातो, मूठ बरोबर सापडते, पण वर खेचताना स्पर अस्तरात रुततो आणि खिसाच उलटा होऊन हत्याराबरोबर बाहेर येतो. जीव वाचवण्यासाठी जे बाळगायचे ते नेमक्या वेळी कापडात गुरफटत असेल, तर त्यावर उपाय शोधावाच लागतो.

सर्वांत जुना उपाय फुकटचा आहे. बाहेर काढताना अंगठा स्परच्या वर ठेवायचा, म्हणजे कापड अंगठ्यावरून घसरते. ही सवय सरावाने लागते, पण घाईत सुटूही शकते. दुसरा उपाय स्पर छाटण्याचा. इंग्रजीत याला ‘बॉबिंग’ म्हणतात. शेपूट आखूड छाटलेल्या घोड्यांसाठी वापरला जाणारा हा शब्द मराठीत फारच चपखल बसतो, कारण आपण या भागाला आधीपासूनच घोडा म्हणतो.

ही कल्पना शंभर वर्षांची आहे. अमेरिकेतल्या कोल्ट कंपनीत काम करणारे जॉन हेन्री फिट्झजेराल्ड हे १९२० च्या दशकात मोठी रिव्हॉल्व्हरे कापून खिशाजोगी करत. नळी दोन इंचांवर आणायची, मूठ आखूड करून गोलसर घासायची, घोड्याचा स्पर काढायचा आणि चापाभोवतीच्या कड्याचा पुढचा भागही कापून टाकायचा, अशी त्यांची पद्धत होती. ही रिव्हॉल्व्हरे ‘फिट्झ स्पेशल’ म्हणून ओळखली जातात. त्यांतले कापलेले कडे आज कोणी अनुकरणीय मानत नाही, कारण उघडा चाप खिशातल्या कशानेही दाबला जाऊ शकतो. स्पर छाटणे मात्र टिकले.

ब्रिटिश सैन्यानेही वेगळ्या वाटेने हेच केले. १९३२ मध्ये स्वीकारलेले एनफिल्ड नंबर २ हे .३८ रिव्हॉल्व्हर रणगाड्याच्या तंग जागेत स्परमुळे अडकते, अशी तक्रार होती. १९३८ मध्ये त्याचा नवा प्रकार आला. त्यात स्पर काढला होता आणि अंगठ्याने चढवलेला घोडा अडकवून ठेवणारी खाचही काढली होती. पुढे युद्धाच्या धामधुमीत, १९४२ मध्ये, उत्पादन वेगाने व्हावे म्हणून याच रिव्हॉल्व्हरमधला घोड्याला रोखणारा सुरक्षा भागही वगळण्यात आला. ते रिव्हॉल्व्हर पडले तर गोळी सुटण्याचा धोका होता. म्हणून युद्धानंतर अशी हत्यारे परत घेऊन तो भाग पुन्हा बसवण्यात आला. घोड्याच्या भोवतालचे काय कापता येते आणि कशाला हात लावायचा नसतो, हे या एका रिव्हॉल्व्हरच्या तीन अवतारांत स्पष्ट दिसते.

छोट्या रिव्हॉल्व्हरांत सर्वाधिक परिचित घराणे म्हणजे स्मिथ अँड वेसनची जे फ्रेम. १९५० मध्ये आलेले ‘चीफ्स स्पेशल’, म्हणजे पुढचे मॉडेल ३६, हे पाच गोळ्यांचे, .३८ स्पेशलचे आणि उघड्या घोड्याचे. १९५२ मध्ये ‘सेंटेनियल’ आले. त्याचा घोडा पूर्णपणे फ्रेमच्या, म्हणजे सांगाड्याच्या, आत आहे. १९५५ मध्ये आलेल्या ‘बॉडीगार्ड’ मध्ये घोड्याच्या दोन्ही बाजूंना फ्रेमचीच भिंत उचललेली आहे. अंगठ्यासाठी फक्त एक लहानसे बटण वर राहते. रुगर कंपनीचे एसपी१०१ स्पर नसलेल्या घोड्यासह मिळते आणि २००९ मध्ये आलेल्या एलसीआरचा घोडा पूर्ण झाकलेला असतो. म्हणून ज्याला रिव्हॉल्व्हर अजून घ्यायचे आहे, त्याने उघड्या घोड्याचे घेऊन ते कापण्याचे काहीच कारण नाही. झाकलेल्या घोड्याचेच घ्यावे. छाटलेल्या घोड्यापेक्षा ते एका बाबतीत निश्चित सरस आहे. छाटलेल्या घोड्याच्या मागे फट असतेच. खिशातल्या खिशात चाप ओढण्याची वेळ आली, तर त्या फटीत कापड शिरून घोडा अर्ध्यावर अडू शकतो. सेंटेनियलमध्ये कापडाला शिरायला जागाच नसते.

पुढचा मजकूर उघड्या घोड्याचे रिव्हॉल्व्हर आधीपासून जवळ असलेल्यांसाठी आहे.

स्पर जातो तेव्हा नेमके काय जाते, हे आधी समजून घ्यावे. अशा रिव्हॉल्व्हरमधून गोळी दोन प्रकारे सुटते. पहिल्या प्रकारात चाप लांबवर ओढायचा. तोच ओढा घोडा मागे नेतो, काडतुसांचे चक्र फिरवतो आणि शेवटी घोडा सोडतो. जे फ्रेममध्ये यासाठी पाच किलोच्या आसपास जोर लागतो. दुसऱ्या प्रकारात घोडा आधी अंगठ्याने मागे नेऊन खाचेत अडकवायचा आणि मग चाप हलकेच दाबायचा. तेव्हा साधारण दीड किलोचा जोर पुरतो. निशाण्यावर सावकाश नेम धरताना दुसरा प्रकार सोयीचा. जवळच्या अंतरावरच्या स्वसंरक्षणात पहिलाच कामाचा. भीतीने थरथरणाऱ्या हातात दीड किलोचा चाप म्हणजे नको तेव्हा सुटणारी गोळी. याच कारणाने लॉस एंजेलिस आणि न्यूयॉर्कच्या पोलिसांनी आपली रिव्हॉल्व्हरे पुढे फक्त लांब ओढीवर चालणारी केली होती.

नुसता स्पर छाटला आणि खाच तशीच ठेवली, तर सर्वांत धोक्याचे हत्यार तयार होते. चाप थोडा ओढून घोडा मागे आला की गुळगुळीत घोडाही अंगठ्याने पकडून पूर्ण चढवता येतो. चढवता येतो, पण सुखरूप उतरवता येत नाही. भरलेल्या रिव्हॉल्व्हरचा चढवलेला घोडा खाली आणायचा म्हणजे अंगठ्याने त्याचा भार पेलत चाप दाबायचा आणि घोडा हळूहळू पुढे सोडायचा. स्पर असतानाही हे काम जपून करावे लागते. स्पर नसेल आणि बोटाला घाम किंवा तेल असेल, तर घोडा निसटून टोपीवर पडू शकतो. म्हणून जे स्पर छाटतील, त्यांनी खाचही काढून घ्यावी. अर्धे काम करण्यापेक्षा घोडा आहे तसा ठेवलेला बरा.

ही खाच घरी काढायची नाही. ती घोड्याच्या खालच्या, पुढच्या अंगाला असते. स्मिथ अँड वेसनच्या रचनेत लांब ओढीच्या पहिल्या टप्प्यात चापाचे टोक घोड्याला जोडलेला एक छोटा हलता तुकडा उचलते, तर पुढच्या टप्प्यात चाप घोड्याच्या पायालाच रेटतो. खाच त्या पायाला लागूनच आहे. कानस अर्धा मिलीमीटर जास्त चालली, तर लांब ओढीचे वेळापत्रकच बिघडते. घोडा लवकर सुटतो किंवा चक्र जागेवर अडकण्याआधी पडतो. हे काम हत्यारे दुरुस्त करणाऱ्या जाणत्या आर्मररकडेच द्यावे.

कायद्याचा मुद्दा कामाला हात घालण्याआधीच पाहावा. स्वतःच्या रिव्हॉल्व्हरचा स्पर छाटायला अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याची आडकाठी नाही. मात्र राज्यांचे नियम वेगवेगळे आहेत आणि घरी कापलेल्या भागाची हमी कंपनी देत नाही. तिथे राहणाऱ्या मराठी माणसाने आपल्या राज्याचा नियम वाचावा, एवढे पुरते. भारतात परिस्थिती निराळी आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ नुसार बंदुकीची निर्मिती आणि विक्रीच नव्हे, तर तिचे रूपांतर आणि दुरुस्ती करण्याच्या व्यवसायालाही वेगळा परवाना लागतो. महाराष्ट्रातल्या परवानाधारकाच्या हातातला कागद हत्यार बाळगण्याचा असतो, त्यात बदल करण्याचा नसतो. शिवाय इथली बरीचशी .३२ रिव्हॉल्व्हरे आणि २०१४ मध्ये आलेले ‘निर्भीक’ कानपूरच्या सरकारी कारखान्यांतली, वेबली घराण्याची, वरून मोडून उघडणारी आहेत. त्यांची आतली रचना स्मिथ अँड वेसनसारखी नाही. खाली दिलेली उकल त्यांना लागू पडत नाही. अशा हत्याराला घरी कानस लावू नये. खिशात अडकत असेल तर घोडा झाकणारे, अंगावर नीट बसणारे होल्स्टर शिवून घ्यावे. तक्रार असेल तर परवाना असलेल्या आर्मररकडे जावे.

आता प्रत्यक्ष काम. पहिली गोष्ट म्हणजे मूळ घोडा कापू नये. बाजारात जे फ्रेमसाठी वेगळा घोडा मिळतो, काही ठिकाणी आधीच छाटलेला मिळतो. तो घ्यावा आणि मूळचा घोडा तेलाच्या कागदात गुंडाळून डबीत ठेवावा. रिव्हॉल्व्हर विकायचे ठरले किंवा विचार बदलला, तर तो परत बसवता येतो. जुन्या चीफ्स स्पेशलसारख्या संग्राह्य हत्याराचा मूळ घोडा कापला, तर किंमत घटते. दुसरा घोडाही नुसता उचलून बसवण्यासारखा नसतो. चापाशी त्याचा मेळ बसतो का, हे तपासावेच लागते. तेही आर्मररचेच काम. खाली सांगितलेली छाटणी त्याने बसवून दिलेल्या या दुसऱ्या घोड्याची आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे काडतुसे त्या खोलीत असू नयेत. चक्र उघडून काडतुसांची पाचही घरे डोळ्यांनी पाहावीत, बोटानेही चाचपावीत. उठून चहा प्यायला गेले तरी परतल्यावर पुन्हा पाहावे.

मुठीच्या पट्ट्या काढल्या की मुख्य स्प्रिंग आणि तिच्यातून जाणारी सळई दिसते. घोडा चढवला की सळईच्या खालच्या टोकाचे बारीक भोक उघडे पडते. त्यात कागद अडकवायची पिन घातली आणि घोडा हळूच उतरवला, की स्प्रिंग दाबलेल्या अवस्थेत सुटी होते. बाजूच्या प्लेटचे स्क्रू कोणता कुठचा, हे कागदावर मांडून ठेवावे, कारण ते सारखे दिसले तरी सारखे नसतात. प्लेट स्क्रूड्रायव्हरने उचकटू नये. तिची कड एकदा वाकली की फट कायमची राहते. रिव्हॉल्व्हर उलटे धरून मुठीच्या फ्रेमवर लाकडी दांड्याने हलके ठोके द्यावेत. प्लेट आपोआप वर येते.

प्लेट निघताच एक पातळ, वाकवलेली पट्टी मोकळी होऊन खाली पडू शकते. ती टाकाऊ वाटते, पण तीच घोड्याला फ्रेमपासून दूर रोखून धरणारा अडसर आहे. १९४४ मध्ये अमेरिकी नौदलाच्या एका जहाजावर रिव्हॉल्व्हर पडून गोळी सुटली आणि एक खलाशी मेला. त्यानंतर स्मिथ अँड वेसनने या अडसराची सुधारलेली रचना केली. ही पट्टी परत बसवायची राहिली तरी रिव्हॉल्व्हर अगदी नीट चालते, चापही तसाच लागतो. म्हणूनच ती विसरली जाते आणि विसरल्याचे कोणाच्या लक्षातही येत नाही. ती वेगळ्या वाटीत, डोळ्यांसमोर ठेवावी.

चक्राची कळ मागे धरून, चाप थोडा ओढून घोडा वर उचलला की बाहेर येतो. घोडा फ्रेममध्येच ठेवून छाटणारेही असतात. त्यांच्या हत्याराच्या आत चाकाची वाळू आणि पोलादाचा कीस जन्मभर फिरत राहतो.

कुठे कापायचे, ते घोडा बाहेर काढण्याआधीच ठरवलेले असावे. घोडा विसाव्याच्या जागी असताना फ्रेमच्या मागच्या बाकाची रेष जशी खाली उतरते, तशीच रेष घोड्यावर बारीक मार्करने ओढावी. तिच्या बाहेर मिलीमीटरभर माल ठेवून कापावे. माल काढता येतो, परत चिकटवता येत नाही. घोड्याचा वरचा माथा मात्र कमी करू नये. त्याच्या वजनाचा आघातात वाटा असतो.

जुन्या घोड्यांची कातडी कडक आणि गाभा मऊ असतो. त्यावर हॅक्सॉचे पाते घसरते आणि दाते गमावते. म्हणून फिरते पातळ कटिंग चाक वापरावे लागते. इथे खरी परीक्षा उष्णतेची. पोलाद पिवळसर झाले म्हणजे तापमान दोनशे अंशांच्या वर गेले आणि निळे पडले म्हणजे तीनशेच्या आसपास पोहोचले. त्या उष्णतेने घोड्याच्या कडक जागांचे पाणी उतरते. स्पर निळा पडला तर बिघडत नाही, तो टाकायचाच आहे. पण उष्णता खाली झिरपून चापाशी घासणाऱ्या पृष्ठांपर्यंत पोहोचली, तर काही शे ओढींत ती पृष्ठे झिजतात आणि घोडा मनाला येईल तेव्हा सुटू लागतो. लोहारांचा साधा नियम इथे पुरतो. घोड्याचा खालचा भाग ओल्या फडक्यात गुंडाळून मऊ जबड्याच्या व्हाइसमध्ये धरावा. तीन-चार सेकंद चाक चालवावे, थांबावे, बोट लावून पाहावे. बोट टिकत नसेल तर पाण्यात बुडवावे. दहा मिनिटांच्या कामाला तास लागला तरी चालेल. डोळ्यांवर चष्मा हवाच. अशी पातळ चाके फुटून उडतात. जुन्या घोड्याच्या तोंडाशी टोपी फोडणारी टाचणीही जोडलेली असते. व्हाइसमध्ये धरताना ती दबणार नाही, हे पाहावे.

कापून झाल्यावर आधी कानशीने आणि मग २२०, ४०० आणि ६०० नंबरच्या एमरी पेपरने कडा गोल कराव्यात. अंगठा फिरवला तर कुठेही खरचटता कामा नये. जी कड बोटाला लागते, ती उद्या अस्तरालाही लागणार. उघड्या पडलेल्या मऊ गाभ्यावर गंज लवकर धरतो, म्हणून तिथे कोल्ड ब्लू, म्हणजे पोलाद काळपट करणारे द्रावण, लावावे. मग घोडा रॉकेलमध्ये ब्रशने धुऊन वर तेलाचा हात फिरवावा. पुढच्या छोट्या हलत्या तुकड्याच्या बिजागरीत कीस अडकतो आणि तो तुकडा उडी मारून परत जागेवर यायला कच खातो. बोटाने दाबून सोडला तर तो टकन परत यायला हवा.

जोडणी उलट्या क्रमाने करावी. प्लेट बसवण्याआधी अडसराची पट्टी जागेवर आहे ना, हे एकदा मोठ्याने म्हणून पाहावे. रिकाम्या रिव्हॉल्व्हरचा चाप सावकाश ओढावा. घोडा मागच्या टोकाला जाताना मुठीवरची कातडी चिमटत नाही ना आणि प्रत्येक घराशी चक्र घोडा पडण्याआधी खटकन अडकते ना, हे पाचही घरांना पाहावे.

स्पर गेल्याने घोडा हलका होतो. स्प्रिंगची ऊर्जा तीच असल्याने तो थोडा वेगाने पडतो, पण आघाताचा धक्का किंचित कमी होतो. मूळ स्प्रिंग असेल तर बहुतेक रिव्हॉल्व्हरांना हे जाणवत नाही. अडचण येते ती चाप हलका व्हावा म्हणून त्याच बैठकीत मऊ स्प्रिंगही घातल्यावर. दोन्ही बदल एकदम करू नयेत. सगळ्या काडतुसांच्या टोप्या सारख्या कडक नसतात. फेडरल कंपनीच्या टोप्या मऊ मानल्या जातात, सीसीआय कंपनीच्या कडक. म्हणून परीक्षा सरावाच्या स्वस्त गोळ्यांवर न घेता रोज बाळगायच्या गोळ्यांवर घ्यावी. किमान ५० गोळ्या झाडाव्यात. काही चाप सावकाश ओढून, काही भराभर. एखादी गोळी फुटली नाही तर नळी निशाण्याकडेच धरून अर्धा मिनिट थांबावे, कारण टोपी उशिरा पेटू शकते. मग ते काडतूस बाजूला काढावे. त्या टोपीवरचा खळगा आणि फुटलेल्या टोपीवरचा खळगा शेजारी ठेवून उजेडात पाहावेत. खळगा उथळ असेल तर आघात कमी पडतो आहे. एका बाजूला सरकलेला असेल तर घोडा किंवा चक्र जागेवर येत नाही आहे. दोन्ही प्रसंगी मूळ घोडा परत बसवावा आणि रिव्हॉल्व्हर आर्मररकडे न्यावे. पन्नासात एक चूक ही सुरक्षेसाठी बाळगायच्या हत्याराला चालत नाही.

छाटलेल्या घोड्यालाही खिशातली धूळ लागते. स्पर गेल्याने घोड्यामागची फट वरून जास्त उघडी पडते आणि कापडाचे तंतू थेट आत उतरतात. खिशात त्याच्याबरोबर किल्ल्या, नाणी किंवा रुमाल ठेवू नये. रिव्हॉल्व्हर एकटेच, चाप पूर्ण झाकणाऱ्या खिशाच्या होल्स्टरमध्ये असावे. महिन्यातून एकदा काडतुसे काढून, चाप ओढून घोडा मागे आणावा आणि त्या फटीत कोरडा नायलॉन ब्रश फिरवावा. सुरुवातीच्या महिन्यांत ब्रशला राखाडी लोकरीचा गोळा लागतो. तो दिसला नाही तर ब्रश नीट आत गेला नाही असे समजावे. त्याच वेळी घोड्याच्या कापलेल्या कडेवर तांबूस डाग उमटला आहे का, हेही पाहावे. घामाचा हात तिथेच वारंवार पडतो आणि गंज सुरू होतो तोही तिथेच.